स्वस्तातली विलायती भुतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या वहिनींचे आहेत. आईवडिलांचे असतातच, ते कोणी वेगळे सांगत बसत नाही. पण आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि मला पुढे ढकललं ते थोरल्या भावाच्या बायकोने. त्या स्वतः दहावीला थांबलेल्या होत्या. कसं ढकललं हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. त्यांनी मला भुताचे जुने इंग्रजी पिक्चर दाखवून बी.ए. केलं.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या त्याच वर्षी मी बारावीत इंग्रजीत नापास झालो. दिंडोरीजवळचं आमचं गाव. आईवडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला, दादा ट्रॅक्टरवर फवारणीला. दुपारी घरात वहिनी आणि मी दोघंच. मी पुस्तक उघडून भिंतीकडे बघायचो. वहिनींच्या वडिलांनी लग्नात टीव्ही आणि डिस्क लावायचं मशीन दिलं होतं. दिंडोरीच्या बाजारात एक माणूस गोणपाटावर डिस्का मांडून बसायचा. वहिनींनी त्याच्याकडून एक डिस्क आणली, कारण वर किंचाळणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि आत तीन पिक्चर आहेत असं तो म्हणाला. घरी येऊन लावली तर सगळं काळंपांढरं, आणि हिंदीचा पत्ता नाही.

मला वाटलं त्या परत देतील. पण त्या मांडी घालून बसल्या. पडद्यावर एक गोरा माणूस दाराशी उभा राहून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला तो?" वहिनींनी विचारलं.

"काय माहीत."

"मग बारा वर्षं शाळेत काय केलं, भाऊजी? पाटी फोडली?"

त्यांनी पिक्चर थांबवला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा मला कळलं की तो बाईला सांगतोय, तळघरात जाऊ नकोस. मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता ती जाणार." ती गेली.

असं सुरू झालं. त्या दर थोड्या वेळाने विचारायच्या, काय म्हणाला तो, आणि मला सांगावंच लागायचं. नाही आलं तर शब्दकोश. माझ्या नशिबाने ते पिक्चर हलक्या पैशातले होते. मोठ्या पिक्चरमधली माणसं भरभर बोलतात, तोंडातल्या तोंडात बोलतात. यातली माणसं एका जागी उभी राहून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलायची, शाळेतल्या स्नेहसंमेलनात मुलं बोलतात तशी. काही पिक्चर इंग्रजांचेही नव्हते. कुठल्यातरी दुसऱ्या देशातले, वरून इंग्रजी आवाज चिकटवलेला. ओठ मिटल्यावरही माणूस बोलत राहायचा.

"तोंड एक बोलतंय, आवाज दुसऱ्याचाच," वहिनी म्हणाल्या. "आपल्या सरपंचावानी."

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी इंग्रजीत पास झालो. पुढे कॉलेजसाठी नाशिकला खोली घ्यायचा विषय निघाला तेव्हा दादाला ते पटत नव्हतं. त्याच्या मनात मला त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर घ्यायचं होतं आणि त्यात काही वाईट नव्हतं. वहिनी चुलीपाशी बसून पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्यांना तिथं पाठवा. इथं एक औषधाच्या वासात भाजला तेवढा पुरे." दादा हसला. मी नाशिकला आलो.

आज मी नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात मालाच्या रवानगीचं काम बघतो. परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला की साहेब मला बोलावतात. ते इंग्रजी कुठून शिकलो हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

वहिनींची दोन बाळंतपणं अर्धवट वाया गेली. दोन्ही वेळा रक्तदाब फार वाढला होता. त्यानंतर तो कधी पुरता उतरला नाही, आणि गावात तो कोणी नीट मोजलाही नाही. किडन्या गेल्या आहेत हे कळलं तेव्हा चेहरा सुजला होता आणि श्वास लागत होता. मग डायलिसिस आलं. आठवड्यातून तीनदा सकाळी त्या दिंडोरीहून बसने यायच्या. मी दुसरी पाळी मागून घेतली. नाशिकच्या दिंडोरी नाक्यावर त्यांना उतरवून घ्यायचं, मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचं, आणि मशीन संपलं की परत नाक्यावर सोडून मी कामावर जायचं. दादाने यायचं म्हटलं तर त्याची मजुरी बुडायची, आणि मजुरी बुडाली तर बसचं भाडंही निघत नव्हतं.

ज्याने हे बघितलेलं नाही त्याला सांगतो. हातातून एक नळी निघते, रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन दुसऱ्या नळीने परत येतं. चार तास. नळी पारदर्शक असते. आपलं रक्त आपल्यासमोरून जाताना दिसतं. पहिले काही दिवस वहिनी छताकडे बघून पडून राहायच्या. घराकडची विचारपूस केली तर हं म्हणायच्या. मी एकदा विचारलं, "काय बघता वर?"

"पंखा. त्याला चार पाती हायेत."

त्या रात्री कामावरून आल्यावर मी फोनवर शोधलं. ते जुने पिक्चर आता फुकट मिळतात, शेकड्याने. कोणाला त्यांचा हक्क सांगायचा नाही, असं दिसतं. मी एक उतरवून घेतला आणि पुढच्या वेळी फोन वहिनींच्या खाटेच्या कठड्याला टेकवून लावला. कुठला आहे ते मी बघितलंच नव्हतं. जुना किल्ला, धुकं, काळ्या अंगरख्यातला माणूस. वहिनी जरा सावरून बसल्या. तो माणूस झोपलेल्या बाईवर वाकला आणि त्याने तिच्या मानेत दात रोवले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. आठ खाटांवर आठ माणसांचं रक्त बाहेर फिरत होतं, आणि मी रक्त पिणाऱ्याचा पिक्चर लावला होता.

शेजारच्या खाटेवर एक काका असायचे. विंचूरचे. कांदा बाजारात आयुष्यभर तोलाईचं काम केलेले. ते मान वळवून बघत होते.

"ओ पाव्हणं," ते म्हणाले, "बंद करा ते. हिथं आधीच एक पिऊन राह्यलाय, त्याला दुसरा दाखवता?" आणि त्यांनी आपल्या मशीनकडे बोट केलं.

मी फोनकडे हात नेला. तेवढ्यात वहिनी हसल्या. कितीतरी महिन्यांनी. नळी हलली म्हणून मशीन ओरडायला लागलं, सिस्टर धावत आली, "ताई, हात हलवू नका!" आणि वहिनी तोंडावर पदर धरून हसतच होत्या.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "हा निदान विचारून तरी पितो का बघू."

त्यानंतर दर वेळी एक पिक्चर. काकांनाही दिसावा म्हणून सिस्टरने सलाइनचा रिकामा खांब दोन खाटांच्या मध्ये आणून दिला आणि मी फोन त्याला बांधायचो. मी मध्ये स्टुलावर बसून दोघांना सांगायचो, कोण काय बोलतंय. डायलिसिसवरच्या माणसाने पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून सिस्टर वजन करताना वहिनींना चिडवायची, "ताई, अडीच किलो वाढलंय. पाणी प्यायलात का पाटाचं दार उघडलंत?" आणि मग विचारायची, "आज कोण येणार, मगर का माकड?"

समुद्रातून वर येणारा एक राक्षस होता, अंगावर खवले, आणि तो वळला की पाठीवरची चेन दिसायची. एक वटवाघूळ होतं, त्याची दोरी दिसायची. एकात वादळात बोट बुडते, आणि बोट टबात आहे हे उघड होतं, कारण लाट आली की साबणाचा फेस यायचा. काका म्हणायचे, "आमच्या गणपतीच्या देखाव्यात याहून बरं असतंय."

मी तिथे बसून पुष्कळदा विचार केला की आम्हाला हेच का आवडतं. आताचे भयपट मी बघितले आहेत. त्यांत सगळं खरं दिसतं. रक्त खरं दिसतं, जखम खरी दिसते, आणि ते बघून आलं की जेवण जात नाही. ज्याच्या घरात खरं काही चाललेलं नाही त्याला ते परवडत असेल. जुन्या पिक्चरमधलं भूत बघताना आत एक माणूस आहे हे कळतं. रबराच्या आत तो घामाघूम झाला असेल, त्याला नीट दिसतही नसेल, पण तो हात वर करून चालतोय. आणि समोरची बाई जीव तोडून किंचाळते. कोणी हसत नाही, कोणी थट्टा करत नाही. त्यांच्याकडे पैसे नव्हते, पण पैसे नसल्याचा त्यांनी विनोद केला नाही. मी बी.ए.ला साहित्य घेतलं होतं, पण ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगायची हे मला जमलं नसतं. वहिनींनी ती एकदा सहज सांगितली. पिक्चरमध्ये राजवाडा होता आणि वारा आला की त्याची भिंत हलत होती.

"कापडाची हाय," काका म्हणाले.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "आपल्यावानीच हायेत ते. हाय त्यात भागवलंय. माझ्या लग्नात नाय का मांडवाला साड्या लावल्या होत्या."

एक गोष्ट मात्र त्या कधी बघत नसत. शेवट. या सगळ्या पिक्चरमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत कोणी डॉक्टर किंवा प्रोफेसर धावत येतो, त्याला काहीतरी उपाय सापडलेला असतो, भूत मरतं आणि सकाळ होते. गावात असताना वहिनी तेवढ्यात उठून भांड्यांना लागायच्या. इथे उठता येत नव्हतं, म्हणून डोळे मिटायच्या.

मग एके सकाळी काकांच्या खाटेवर दुसराच माणूस होता. तरुण, घाबरलेला, त्याची आई त्याचे पाय धरून बसलेली. त्या वॉर्डात एक रीत आहे, कोणी शिकवलेली नाही पण सगळे पाळतात. रिकाम्या झालेल्या खाटेबद्दल कोणी विचारत नाही. गावाला गेले का, बदलून घेतलं का, काही नाही. मी सिस्टरकडे बघितलं, तिने सुई लावण्यात मान खाली घातली. मी सलाइनचा खांब आणला आणि सवयीने दोन खाटांच्या मध्ये ठेवला. वहिनी म्हणाल्या, "अलीकडं घ्या भाऊजी. त्यांना नसंल आवडत."

त्या दिवशीचा पिक्चर कुठला होता ते मला आठवत नाही.

डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात. ती जोडणी चालू असली की त्यावर बोट ठेवल्यावर थरथर लागते, मांजर गुरगुरतं तशी. वहिनी उठल्या उठल्या बोट ठेवून बघायच्या. पावसाळा संपता संपता ती थरथर बंद पडली. दुसऱ्या हातात केली, ती धरलीच नाही. मग मानेत नळी बसवली. नळीला जंतू लागले, थंडी वाजून ताप यायला लागला, ती काढून दुसरीकडे बसवली. डॉक्टर चांगले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, आता जागा थोड्याच उरल्या आहेत, कोणी किडनी देणारं असेल तर बघा.

दादाला साखर, त्याचा रक्तगटही वेगळा. वहिनींचे आईवडील राहिलेले नाहीत, भाऊबहीण नाही. माझा रक्तगट जुळला. दिराला कायद्याने जवळचा नातेवाईक धरत नाहीत. त्यासाठीच्या सरकारी समितीपुढे जाऊन पटवून द्यावं लागतं की देणारा प्रेमापोटी देतोय, पैशासाठी नाही. मी त्याची तयारी करायला लागलो. रोज मोटारसायकलवरून जाताना मनात जुळवायचो, काय सांगायचं. यांनी मला एक वाक्य चार-चार वेळा ऐकवलं, म्हणून मी इथे उभा आहे. हे कोणाला पटेल? कागद कुठे आहे याचा?

समितीपर्यंत जावंच लागलं नाही. माझं आणि त्यांचं रक्त एकत्र करून बघतात, त्यात नकार आला. डॉक्टरांनी समजावलं, पूर्वीच्या गरोदरपणांमुळे आणि रक्त चढवल्यामुळे त्यांच्या अंगात परक्या अवयवाविरुद्ध लढणारं बळ तयार झालंय. माझी किडनी ते टिकू देणार नाही, आणि बाहेरची जुळणारी मिळणंही फार अवघड. म्हणजे जी दोन मुलं जगली नाहीत त्यांनी जाताना हेही दार लावून घेतलं होतं. मी हे वहिनींना सांगितलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. तुमचं पोट फाडलं असतं उगाच."

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दिंडोरी नाक्यावर बसची वाट बघताना त्यांनी मला सांगितलं. ऊन होतं. त्या टपरीच्या सावलीत बाकावर बसल्या होत्या, मानेच्या पट्टीवरून पदर घेतलेला.

"भाऊजी, आता मी येनार नाय."

"परवा सुट्टी आहे का?"

"परवा नाय, त्याच्यानंतरबी नाय. मी यांना सांगितलंय."

"दादा काय म्हणाला?"

"रडले. मग म्हणाले, तुझ्या मनासारखं कर."

मी बोलायला लागलो. काय काय बोललो ते आता आठवतं तेव्हा वाटतं, त्या पिक्चरमधल्या प्रोफेसरसारखा बोलत होतो. मुंबईला दाखवू, नवीन औषध निघालंय, पोटातून करायचं डायलिसिस असतं. त्या ऐकत होत्या. बस आली, गर्दी होती, त्यांनी ती सोडली.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. तीन दिवस मी मशीनवर, आन चार दिवस मशीनच्या वाटंवर. घरी जाते ती नुसती पडायला. ह्यांना भाकर करून घालायची म्हटलं तर तवा उचलत नाय. ताप आला की वाटतं आता झालं, आन होतबी नाय. मी लय दिवस केलं. तुम्ही बरोबर होता म्हणून केलं. आता बास."

"वहिनी, थांबवलं तर आठ-पंधरा दिवस..."

"माहीत हाय. सिस्टरला इचारलंय." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "समजवायला घरी येऊ नका. तुम्ही बोलता चांगलं, मी तुमचं ऐकंन, आन परत त्या खाटंवर येऊन पडंन. माझ्यावर एवढं करा."

पुढची बस रिकामी होती. त्यांना खिडकीपाशी जागा मिळाली. त्यांनी हात केला नाही, कारण मी बाकावरच बसून राहिलो होतो, आणि बस वळेपर्यंत उभं राहायचं मला सुचलं नाही.

पुढच्या वेळी सकाळी मी वेळेवर नाक्यावर गेलो. बस आली, माणसं उतरली. तशीच दुसरी. मग मी दवाखान्यात जाऊन सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्यांना आणा, मी बोलते त्यांच्याशी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नका आणू." मी डॉक्टरांकडून दुखण्यावरची आणि दम लागण्यावरची औषधं लिहून घेतली. त्या दिवशी मी रजा टाकली, संध्याकाळी दादा ती न्यायला आला. तो माझ्या खोलीच्या दारातच उभा राहिला, चहाही घेतला नाही, म्हणाला, आई अजून बागेतून यायचीय, तिला एकटीला सोडून आलोय. मी त्याला पाच मिनिटं बस म्हटलं आणि पत्र लिहिलं. फोनवर माझ्याच्याने समजावल्याशिवाय राहवलं नसतं.

ते वहिनींनी स्वतः वाचलं का दादाने वाचून दाखवलं, हे मी दादाला विचारलेलं नाही. आता वहिनी नाहीत. पत्र दादाने मला परत दिलं. ते असं आहे.

"वहिनी,

मला पत्र लिहायची सवय नाही आणि दादा घाई करतोय. चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही म्हणालात तसं मी समजवायला येत नाही. खाट दुसऱ्याला द्या असं मी सिस्टरला सांगून आलो. सांगताना मला त्रास झाला, पण सांगितलं. सिस्टरने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

दादाजवळ दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आहेत. पांढरी दुखलं तर. पिवळी दम लागला तर, ती जिभेखाली. दम लागल्यावर आडवं पडू नका, पाठीला उशा लावून बसा. दादाला हे समजावलंय, पण तो विसरेल.

डॉक्टर म्हणाले, आता खाण्याचं पथ्य नाही. आवडेल ते थोडं थोडं खाऊ द्या. म्हणून इतके दिवस बंद असलेलं शहाळं सोबत दिलंय, आणि टोमॅटो आहेत. टोमॅटोचं सार तुम्हाला करवणार नाही. आईला सांगा, तिला चव जमत नाही पण करू द्या.

मी शिकलो ते तुमच्यामुळे. त्याचा तुम्हाला काही उपयोग झाला नाही. मी सगळं वाचलं, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललो, इंटरनेटवर शोधलं, आणि कुठेच काही निघालं नाही. तुम्ही मला शिकवून चूक केली नाहीत, पण मला दुसरं काही सापडलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

रविवारी मला सुट्टी आहे. मी येतो. काही बोलणार नाही. तुम्हाला बघायचं नसेल तर दार लावून घ्या, मी बाहेर ओट्यावर दादाजवळ बसेन आणि शेवटच्या बसने परत जाईन."